नाव आधीच ठरलेलं असतं

त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या टाकेहर्षमध्ये २०१४ साली दोन बायकांचा जीव गेला, एका मांत्रिक बाईच्या शब्दावरून. मारणाऱ्यांत घरचेच होते. पुढे नाशिकच्या न्यायालयात जन्मठेपा झाल्या. अशी बातमी आली की शहरातले आपण ‘अज्ञान, दुसरं काय!’ म्हणून पान उलटतो. मला ते पुरेसं वाटत नाही. अज्ञान आंधळं असतं म्हणतात; आळ घेणाऱ्यांची नजर मात्र भलतीच तीक्ष्ण असते.

पोर तापाने फणफणतं. दवाखाना लांब, रात्री गाडी मिळत नाही; भगत मात्र पाड्यातच. तो सुपात तांदूळ टाकतो, कौल लावतो आणि मधेच विचारतो, “कोणाशी वाकडं आहे का?” सगळी मेख या प्रश्नात आहे. नाव त्याच्या तोंडून बाहेर पडतं, पण ते घरच्यांनीच पुरवलेलं असतं. बांधावरून भांडलेली जाऊ, नाहीतर सातबाऱ्यावर अजून नाव असलेली विधवा चुलती. पुरुषांवरही आळ येतो, पण डाकीण, भुताळी ठरते ती बहुधा जिच्या बाजूने बोलायला घरात कोणी उरलेलं नाही अशी बाई.

२० ऑगस्ट २०१३ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा कुठे वर्षानुवर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा वटहुकूम म्हणून आला. अमुक माणूस मंत्राने जनावराचं दूध आटवतो असं म्हणणंही त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. मसुदा करणाऱ्यांनी गोठ्यातली कुजबुज ऐकलेली होती, एवढं नक्की.

पण साक्ष द्यायची कोणी? पाहिलेलं असतं भावकीने, आणि भावकीला उद्या त्याच विहिरीवर जायचं असतं. जीव वाचला तरी बाई गाव सोडून माहेरी, नाहीतर नाशकात कुठल्या तरी बांधकामावर. लेकीची सोयरीक मोडते, कारण आळ आईवरून लेकीवर उतरतो. सुनेला कुणी बाळ हातात देत नाही.

कायद्याने दक्षता अधिकारी म्हणून पोलीस निरीक्षक नेमला. सोबत तलाठ्यालाही धाडायला हवं होतं. गुन्हा नोंदवून झाला, की त्या बाईचं शेत यंदा कोण कसतंय, एवढं तरी त्याने लिहून आणावं.