दगडांची संगत

छंदांमध्येही एक प्रकारचा उच्चनीच भाव आहे. सतार वाजविणाऱ्याकडे लोक आदराने पाहतात, बागेचा नाद असणाऱ्याकडे कलमे मागावयास येतात, आणि तिकिटे जमविणाऱ्याला निदान घरातील मुले तरी मान देतात. परंतु दगड घासून गुळगुळीत करणे हा माझा छंद आहे असे मी सांगितले, की समोरचा गृहस्थ क्षणभर माझ्या चेहऱ्याकडे पाहतो आणि मग पावसापाण्याची चौकशी करू लागतो. उरणच्या माझ्या घरातील मागील पडवीत एक यंत्र रात्रंदिवस घरघरत असते. शेजारच्या काकूंनी तो आवाज प्रथम ऐकला तेव्हा, 'प्रोफेसरसाहेब, पिठाची गिरणी घातलीत की काय?' असे त्यांनी विचारले होते. पीठ खरोखरच पडते. फक्त ते दगडांचे असते!

यंत्र म्हणजे तरी काय? दोन आडवे रूळ, ते फिरविणारी एक लहान मोटर, आणि रुळांवर लोळणारे रबरी अस्तराचे पिंप. पिंपाचा दोनतृतीयांश भाग दगडांनी भरावयाचा, ते जेमतेम बुडतील इतके पाणी घालावयाचे आणि वर सिलिकॉन कार्बाइडची जाडी पूड टाकावयाची. पिंप फिरू लागले की वरचा थर हळूहळू घसरत खाली येतो आणि दगड दगडाला घासतो. आठवड्याने सारे धुऊन बारीक पूड, पुढच्या आठवड्यात त्याहून बारीक, आणि शेवटच्या आठवड्यात झिलईची भुकटी. अशा रीतीने महिना जातो. प्रत्येक पायरीला धुण्याचे काम मात्र डोळ्यांत तेल घालून करावे लागते. मागच्या पुडीचा एक कण जरी राहिला, तरी तो पुढच्या सगळ्या दगडांवर ओरखडे काढतो.

ही विद्या साहेबाकडून आली असे समजण्याचे कारण नाही. खंबायतचे कारागीर अकीकाचे मणी आणि कुरुंदाची पूड चामड्याच्या पिशवीत घालीत, ती ओली ठेवीत, आणि दोन माणसे ती पिशवी दहापंधरा दिवस इकडून तिकडे लोळवीत. 'कोरंडम' हा इंग्रजी शब्दच मुळी आपल्या कुरुंदावरून गेलेला आहे, आणि झिलईसाठी मी वापरतो ती ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी रसायनशास्त्राच्या दृष्टीने कुरुंदच होय. त्याच खंबायतेत अकीक कोरडा घासताना उडणाऱ्या धुळीने कित्येक कारागिरांची फुप्फुसे निकामी झाली, हेही विसरता येत नाही. माझ्या पिंपात पाणी असते, म्हणून माझा छंद हा छंद राहतो.

दगडांना आपल्याकडे तोटा नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून आपला महाराष्ट्र घडला. त्या रसातील वायूच्या बुडबुड्यांनी जी पोकळी ठेविली, तिच्यात पुढे पाण्याबरोबर आलेली सिलिका साचली आणि गार, अकीक अशी रत्ने तयार झाली. नेवाशाजवळ प्रवरेच्या वाळूगोट्यांत असे दगड विपुल सापडतात. आदिमानवाने त्यांचीच हत्यारे केली होती. येथे पिरवाडीच्या किनाऱ्यावर बहुधा काळा कातळच हाती लागतो, पण पावसाळ्यानंतर शोधणाऱ्याला एखादी गारगोटीही भेटते. लाटेने भिजलेली ती किती सुंदर दिसते! खिशात घालून घरी आणावी, तो वाळून राखेसारखी फिकी झालेली. याचे कारण साधे आहे. दगडाच्या पृष्ठभागावरील असंख्य खाचांमुळे प्रकाश इतस्ततः विखुरतो. पाणी त्या खाचा भरून काढते आणि आतला रंग दिसू लागतो. झिलई नवा रंग देत नाही. रंग झाकणाऱ्या खाचा तेवढ्या ती काढून टाकते.

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण आम्हां शिक्षकांची फार लाडकी. समोर घारापुरी आहे. तेथील महेशमूर्तीपुढे उभे राहिले की ती म्हण पटतेही. परंतु टाकीला शिल्पकार लागतो, आणि त्याच्या मनात मूर्ती आधी तयार असावी लागते. माझ्या पिंपात शिल्पकार नाही. तेथे दगडाला घडवितो तो शेजारचा दगड. लहान दगड मोठ्याच्या खोलगट जागी पोहोचतात, म्हणून दोन्ही हवेत. काठिण्य मात्र जवळपास सारखे लागते, नाहीतर मऊ दगड झिजून नाहीसा होतो आणि कठीण तसाच राहतो. वेग वाढविला तर दगड घासण्याऐवजी आपटतात आणि फुटतात. महाविद्यालयात इतकी वर्षे शिकविल्यावर मला असे वाटू लागले आहे, की मुलांना आम्ही घडवितो त्याहून अधिक ती एकमेकांना घडवितात. आमच्याकडे काम येते ते पाण्याचे, वेगाचे आणि धुण्याचे.

इथवर उपमा गोड आहे. पण मी दगड घालण्यापूर्वी आणि काढल्यावर तोलतो, आणि तो तराजू मला स्वस्थ बसू देत नाही. चांगला गुळगुळीत झालेला दगड आपल्या वजनाचा पंचमांश तरी गमावून येतो. हा पंचमांश जातो कोठे? धुण्याच्या पाण्यात, करड्या चिखलाच्या रूपाने.

माझ्या वर्गात आगरी आणि कोळी घरांतील मुले येतात. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरची भातशेती आणि मिठागरे बंदर व नवे शहर यांसाठी गेली. १९८४ साली त्या जमिनींसाठी झालेल्या आंदोलनात पाच शेतकरी गोळीबाराला बळी पडले. १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. शेत गेलेल्या घरच्या मुलाला कचेरीत नोकरी हवी, आणि कचेरीला गुळगुळीत भाषा हवी. ती त्याला देणे हे माझे कामच आहे, आणि त्याची मला लाज नाही. परंतु एका विद्यार्थ्याच्या आजीने मला सांगितले, की नातू आता घरी आला म्हणजे पाहुण्यासारखा बोलतो. त्या बोलण्यात तक्रार नव्हती, कौतुकच होते. म्हणूनच ते अधिक लागले. तीन वर्षांत त्याच्या बोलीचा किती भार धुण्याच्या पाण्यातून गेला, हे सांगणारा तराजू माझ्यापाशी नाही.

म्हणून हल्ली वर्गात एखादा आगरी शब्द उमटला, की मी तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो आणि तास संपेपर्यंत पुसत नाही. मुले प्रथम हसतात. मग कोणीतरी त्याचा जोडीदार शब्द सांगते. आणि पडवीतील काही दगड मी दुसऱ्या आठवड्यानंतरच बाहेर काढतो. ते फारसे चमकत नाहीत. पण हातात घेतले की त्यांची मूळची कड बोटांना जाणवते, आणि थोडे पाणी लावले की रंगही दिसतो. पिंप काय, फिरवाल तितके फिरत राहील. थांबावयाचे केव्हा, हा प्रश्न मात्र ते फिरविणाराचा आहे.