पिंपातलं पाणी

दुपारी दोनच्या सुमारास दार वाजलं. दारात महापालिकेची आरोग्य कामगार उभी, हातात बॅटरी. चपला काढून ती थेट न्हाणीघरात गेली. निळ्या पिंपावरची फळी सरकवून तिनं आत उजेड टाकला. पाण्यात बारीक अळ्या वळवळत होत्या.

"अम्मा, हे ओतून द्या."

घर चेन्नईच्या जॉर्ज टाउनमधलं. शिवाजी महाराज १६७७ मध्ये जिथं दर्शनाला आले असं सांगतात, ते कालिकांबाळ मंदिर याच भागात आहे. इथल्या सौकारपेटच्या बोळांत सांगली जिल्ह्यातली गलाईवाली कुटुंबं सोनं-चांदी आटवण्याचं काम करतात. अशाच एका घरची ही सून, माहेर आटपाडीचं. दुष्काळातली मुलगी! घागरभर पाण्यासाठी मैलभर चाललेली. तिला कुणी पाणी ओतायला सांगावं?

त्यातून साल २०१९. त्या उन्हाळ्यात शहराचे चारही मोठे जलाशय जवळजवळ आटले होते. टँकरपुढं प्लॅस्टिकच्या घागरींची रांग लावून तिनं पाणी भरलं होतं. पुढं पाऊस झाला, तरी साठवायची सवय सुटली नाही. कशी सुटावी?

या वस्तीला पाण्याची गोष्ट नवी नाही. इथल्या 'सेव्हन वेल्स' भागातल्या विहिरींवरून १७७२ मध्ये इंग्रजांच्या किल्ल्याला पाणी देण्याची योजना झाली. नाव अजून टिकून आहे. पुढं १९९२ च्या ऑक्टोबरात याच मद्रासमध्ये कॉलऱ्याचा अगदी नवा जंतू आढळला, ओ-१३९. आधीच्या कॉलऱ्यानं अंगात आलेली ताकद त्याच्यापुढं चालेना. मोठी माणसंही आडवी झाली. क्लोरीन घातलेल्या पाण्याला मात्र जंतू जुना की नवा, याच्याशी कर्तव्य नव्हतं.

पण नळाचं पाणी कितीही शुद्ध असलं, तरी पिंपात ते आठवडाभर उघडं राहिलं की कारभार घरधनिणीचा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो. आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो आणि दिवसाढवळ्या चावतो. तो फार लांब उडत नाही. म्हणजे बोळातला डास बहुधा बोळातलाच!

सून दारात आडवी उभी राहिली. "अक्का, झाकण घालते की. ओतायचं कशाला?" तिच्या मोडक्या तमिळमध्ये 'अक्का' तेवढं अस्सल, आटपाडीतही थोरल्या बहिणीला तीच हाक.

कामगार बाई चिडली नाही. रोज किती दारांत हेच ऐकत असेल! ती म्हणाली, "खालच्या मजल्यावरचा मुलगा चार दिवस तापानं दवाखान्यात आहे. त्याला चावलेला डास कुणाच्या पिंपातला, कोण सांगणार?"

सून काही बोलली नाही. त्या मुलाला ती रोज जिन्यात पाहायची.

दोघींनी मिळून पिंप बादल्यांनी उपसलं. गटारात नव्हे, गच्चीवर, तापलेल्या फरशीवर पाणी ओतलं. मग अक्कानं काथ्या मागितला आणि पिंप आतून घासून दाखवलं. अंडी कडेला चिकटतात, पाणी आटलं तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात.

आठवड्यानं मुलगा घरी आला, सुकून काटकी झालेला. सून त्याच्यासाठी पेज घेऊन खाली गेली. कोणाच्या पिंपाचा विषय कुणीच काढला नाही.

आता दर शनिवारी काथ्या निघतो. रात्री आटपाडीहून आईचा फोन येतो. पहिला प्रश्न ठरलेला, "पाणी आलं का गं?" मुलगी म्हणते, "आलं." पिंप ओतल्याचं तेवढं सांगत नाही.