पान्याची साक्ष

मोटारीच्या चाकाचे नट किती आवळावेत, या प्रश्नाला आमच्याकडे बहुतेकांचे एकच उत्तर असते: अंगात असेल तेवढे बळ लावून. एका गॅरेजात पोऱ्याने पान्याच्या दांड्यावर उभे राहून दोनदा उडी घेतलेली आम्ही पाहिली आहे; मेस्त ती कौतुकाने पाहत होते. अशाने बोल्ट ताणला जातो, आटे जातात, आणि पुढे रस्त्यात पंक्चर झाले म्हणजे तो नट कोणासच सुटत नाही. सैल राहिला तर काय होते, हे सांगणे न लगे. चोर्ल्याच्या घाटातून सहकुटुंब बेळगांवास जाणाऱ्याने ही गोष्ट मनगटाच्या अंदाजावर सोडू नये, म्हणून आम्ही टॉर्क पाना घेतला.

तो घेताना मोठ्या आकड्यास भुलू नये. लहान मोटारींच्या चाकांच्या नटांस बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटर पीळ लागतो; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो आणि आम्ही तोच प्रमाण मानतो. ४० ते २०० न्यूटन-मीटरचा, अर्ध्या इंची चौकोनी तोंडाचा पाना या कामास पुरेसा होतो. स्पार्क प्लगसाठी मात्र तो वापरणे म्हणजे लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर सोने तोलणे.

पान्याच्या पोटात स्प्रिंग असते. मूठ फिरवून आकडा लावला की ती तितकी दाबली जाते, आणि नटावरचा पीळ तेथवर पोचताच 'टक्' असा आवाज होऊन हातास हिसका कळतो. तेथेच थांबावे. खात्रीसाठी पुन्हा टकटकविणारे लोक, हवे ते उत्तर मिळाल्यावरही साक्षीदारास तोच प्रश्न विचारणाऱ्या वकिलासारखे होत.

आमच्या पेशामुळे असेल, पण या हत्याराची आम्हांस खरी धास्ती वाटते ती निराळ्या कारणाने. बिघडला तरी हा पाना मुका होत नाही. स्प्रिंग शिणली तरी तो 'टक्' म्हणतो, आणि त्याच ठाम आवाजात म्हणतो. मुरलेला खोटा साक्षीदार कोठे अडखळतो? म्हणून काम झाले की मूठ पट्टीवरील सर्वांत खालच्या आकड्यावर आणावी; त्याहून खाली नेऊ नये. गच्च बसलेला नट सोडविण्यास साधा लांब पाना घ्यावा. हा हातून फरशीवर पडला, तर तपासून घेतल्याखेरीज त्याचा शब्द मानू नये. वापरणाऱ्याने स्वतः निराळी मुदत ठरविली नसेल, तर १२ महिने किंवा ५,००० वेळा वापर, यांपैकी जे आधी होईल तेव्हा तपासणी करावी, असे आयएसओ ६७८९ हे मानक सांगते. घरच्या माणसाचे ५,००० कधी भरायचे नाहीत. महिने मात्र भरतात.

गोव्याच्या पावसात लोखंडास चार दिवसांत तांब चढते. तेव्हा पाना तेलाच्या फडक्याने वरवर पुसून त्याच्या डब्यातच ठेवावा. चाकाच्या आट्यांस मात्र तेल लावू नये, कारण पुस्तिकेतला आकडा सहसा कोरड्या आट्यांचा असतो. खंडेनवमीस इतर हत्यारांबरोबर तोही पाटावर येतो. गंधफूल डब्याच्या झाकणावर वाहिले जाते, आणि पाणी शिंपडण्यापूर्वी झाकण नीट लागले आहे ना, एवढे आम्ही पाहून घेतो.