फ्रिजमधलं काश्मीर

माणसाची सांपत्तिक स्थिती त्याच्या बंगल्यावरून किंवा मोटारीवरून ओळखावी असं म्हणतात. मला ते पटत नाही. बंगल्यावर कर्ज असतं आणि मोटार कंपनीची असते. त्यापेक्षा त्याच्या मुलाला बाजूला घेऊन "काय बाळ, यंदा सुट्टीत कुठे?" एवढंच विचारावं. "अजून ठरायचंय," असं उत्तर आलं की खुशाल समजावं, घरात पैसा आहे. कारण ठरवायला आधी दोन गावं परवडावी लागतात. "मामाकडे," असं उत्तर आलं तर ती मंडळी तुमच्याआमच्यातली. आणि "कुठे म्हणजे?" असं त्यानंच उलट विचारलं, तर पुढे चौकशी न करता त्याच्या हातावर एक लिमलेटची गोळी ठेवावी आणि आपल्या वाटेनं जावं.

आमचं उत्तर 'मामाकडे' हेच असे. मामा ही सोय परमेश्वरानं मे महिन्यासाठीच केलेली आहे, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

नुसता प्रवास असा आमच्या घरात कधी झालाच नाही. प्रवासाला कारण लागे. लग्न, मुंज, कुलदैवत, नाहीतर कुणाच्या तरी समाचाराला जाणं. त्यात वाटेवर एखादं प्रेक्षणीय स्थळ सापडलंच तर ते 'जाता जाता' बघायचं. त्यामुळे घरी लग्नपत्रिका आली की मी आणि ताई वधूवरांची नावं गाळून थेट कार्यस्थळ वाचत असू. अलिबागच्या आतेबहिणीबद्दल तर मला अजूनही कृतज्ञता वाटते. समुद्र मी पहिल्यांदा तिच्या लग्नात पाहिला. इकडे भटजी 'सावधान' म्हणत होते, तेव्हा आम्ही तिकडे गुडघाभर पाण्यात बेसावध उभे होतो.

हे सगळे प्रवास एसटीच्या लाल गाडीनं. बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट असल्यामुळे मी ओळीनं दोन वर्षं अकरा वर्षांचा होतो. कंडक्टर जवळ आला की आई माझ्या खांद्यावर हात ठेवून मला जरा खाली दाबायची. माझी उंची पुढे बेताचीच राहिली, त्याचं खापर डॉक्टर आनुवंशिकतेवर फोडतात. मी काही बोलत नाही.

अशा घरात एलटीसी नावाची देवी प्रसन्न झाली. बाबा केंद्र सरकारच्या एका कचेरीत होते. चार वर्षांचा एक ब्लॉक, आणि त्या चार वर्षांत एकदा भारतात कुठेही सहकुटुंब जाऊन या, भाडं सरकार देईल. हे ब्लॉक आजही तसेच चार-चार वर्षांचे चालतात. इतर लोक वर्षं शालिवाहन शकानं नाहीतर इसवी सनानं मोजतात. आमच्याकडे ती ब्लॉकनं मोजत. "ताईची मुंबईची पहिली ट्रिप ना? ती मागच्या ब्लॉकमध्ये," असं आई सहज बोलून जायची.

१९७८ ते ८१ च्या ब्लॉकमध्ये कुठे जायचं, यावर बाबांनी तीन वर्षं विचार केला आणि चौथ्या वर्षी कन्याकुमारी ठरवलं. निकष एकच होता. सरकार भाडं देणार, तेव्हा जास्तीत जास्त लांब जायचं. भारत तिथं संपला नसता तर बाबा आणखी पुढे गेले असते. योगायोगानं १९७९ साली रेल्वेचे रूळही थेट कन्याकुमारीपर्यंत पोचले होते, आणि ते केवळ आमच्यासाठीच पोचवले, अशा थाटात बाबा सांगत. दोन दिवस, दोन रात्री, एक होल्डॉल, फिरकीचा तांब्या आणि दशम्यांचा डबा. त्या वर्षी माझं वयसुद्धा एकदम खरं झालं, कारण पूर्ण तिकिटाचे पैसे सरकार देणार होतं.

एलटीसीची गोम अशी, की सरकार भाडं देतं, राहण्याजेवण्याचं देत नाही. म्हणजे हलत राहिलात तर सरकारी खर्च, थांबलात की तुमच्या खिशातून. त्यामुळे आम्ही फार कमी थांबलो. विवेकानंद शिलास्मारक आम्ही जवळजवळ चालत्या पायांनी पाहिलं. सूर्योदय आणि सूर्यास्त दोन्ही एकाच ठिकाणी समुद्रात दिसतात, याचं बाबांना अतोनात कौतुक वाटलं. "बघा, एका भाड्यात दोन्ही!" असं ते तिथल्या एका अनोळखी तमिळ गृहस्थांनासुद्धा मराठीत म्हणाले.

आईला मात्र कन्याकुमारी नको होतं. तिला काश्मीर हवं होतं. बाबा म्हणाले, "काश्मीर थंड हवेचं ठिकाण. तिथं थांबायला हवं. ते एलटीसीत बसायचं नाही, ते आपण स्वतःच्या पैशानं करू." आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी पोस्टात पाच वर्षांची आरडी उघडली. दरमहा ५० रुपये. पासबुकाच्या कव्हरवर त्यांनी सुवाच्य अक्षरात 'काश्मीर' असं लिहिलं.

ती पाच वर्षं आमच्या घरात काश्मीरचा जो अभ्यास झाला, तो फार थोड्या घरांत झाला असेल. रेल्वे जम्मूतवीपर्यंत, पुढे बस, मग बनिहालचा बोगदा. तो १९५६ साली झाला आणि अडीच किलोमीटरांहून लांब आहे, हे मला सातवीतच पाठ होतं. परीक्षेत ते कुणी विचारलं नाही, हा परीक्षेचा दोष.

आरडी पुरी झाली त्या उन्हाळ्यात आजोबांना इन्शुलिन सुरू झालं. इन्शुलिनच्या बाटल्या थंड ठेवायच्या होत्या. शेजारी चार महिने ठेवून झाल्या. शेजारी काही बोलले नाहीत, पण त्यांचं दार उघडायला उशीर होऊ लागला. एका संध्याकाळी बाबा हातगाडीबरोबर चालत घरी आले. गाडीवर फ्रिज होता. तो भिंतीशी लागला, त्याची वायर खोचली गेली. तासाभरानं बाबांनी वरचं दार उघडलं, आतल्या पांढऱ्या धुक्याकडे बोट केलं आणि म्हणाले, "हे घ्या. काश्मीर."

आम्ही सगळे खूप हसलो. आईही हसली. मग म्हणाली, "याला खिडकी नाही."

त्या दिवसापासून फ्रिजचं नाव काश्मीर पडलं. "काश्मीरमधून ताक काढ", "काश्मीरचं दार नीट लावलं का?" हे आमच्याकडे रोजचं बोलणं झालं. पुढच्या आरडीवर 'उटी' लिहिलं होतं. ती ताईच्या हॉस्टेलच्या फीमध्ये गेली. म्हणून ताईला आम्ही उटीत शिकली असं म्हणतो. प्रत्यक्षात ती सांगलीत शिकली. 'दार्जिलिंग' आजोबांच्या मोतीबिंदूत गेलं. पट्टी काढल्यावर डॉक्टरांनी "काय दिसतंय?" असं विचारलं, तेव्हा आजोबा म्हणाले, "दार्जिलिंग. अगदी स्वच्छ." डॉक्टर घाबरले.

आणि मग सोसायटीतला ब्लॉक आला. आमच्या आयुष्यात ब्लॉक दोनच. एलटीसीच्या ब्लॉकनं आम्हांला हिंडवलं आणि सोसायटीतल्या ब्लॉकनं वीस वर्षं घरी बसवलं.

याच्या नेमकं उलट माझे काका. बाबांच्याच कचेरीत, त्याच पगारावर. भावाभावांत फरक एवढाच, की बाबांना घर हवं होतं आणि काकांना घराबाहेर पडायला हवं होतं. जन्मभर दोन खोल्यांत भाड्यानं राहिले, पण दर मे महिन्यात निघायचे. मुलांना घेऊन काश्मीर केलं, उटी केलं, दार्जिलिंग केलं. बाबा पासबुकं ठेवायचे तसे काका आल्बम ठेवायचे. त्यांच्याकडे काश्मीरचे फोटो होते, आमच्याकडे काश्मीर होतं. बर्फ न्यायला ते आमच्याकडे यायचे आणि बर्फ बघायला आम्ही त्यांच्याकडे जायचो.

आता यात शहाणा कोण, हे ठरवणं सोपं नाही. माझ्या चुलतभावाला आमच्या ब्लॉकचा हेवा वाटे, मला त्याच्या आल्बमचा. म्हातारपणी घरमालकानं काकांना जागा सोडायला लावली, तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. आणि निवृत्त झाल्यावर बाबांचे गुडघे गेले, तेव्हा काका काही बोलले नाहीत. भाऊ चांगले होते.

आई मात्र काकांकडे गेली की तो आल्बम मागून घ्यायची. काळ्या पानांवर, चारी कोपरे चिकटवलेले फोटो. इतर पानं ती भराभर उलटायची आणि दल सरोवराच्या फोटोशी थांबायची. "भाऊजी, शिकाऱ्यात बसल्यावर तो हलतो का हो?" हा प्रश्न मी तिच्या तोंडून दहा वर्षांत दहा वेळा तरी ऐकला असेल. काका दर वेळी म्हणायचे, "वहिनी, एकदा बसूनच बघा." आणि बाबा म्हणायचे, "पुढच्या आरडीला नक्की." बाबा २००९ साली गेले. त्यांच्या कपाटात शेवटचं पासबुक सापडलं, त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

आता माझ्या मुलाचं घर. तिथं पासबुक नाही, आल्बमही नाही; दोन्ही फोनमध्ये आहेत. माझी नात आठ वर्षांची आहे. ती थायलंडला जाऊन आली आहे, दुबईला जाऊन आली आहे. कुठेही जायचं म्हटलं की तिचा पहिला प्रश्न, "तिथं पूल आहे का?" मला आधी वाटलं, मुलीला भूगोलाची गोडी आहे. नंतर कळलं, तो पोहायचा पूल. एका हॉटेलात तो नव्हता, म्हणून तिनं त्या गावाला शंभरपैकी तीस मार्क दिले. गाव समुद्रकाठी होतं.

आमच्या पिढीला अशा वेळी "आमच्या वेळी नव्हतं हो असं!" हे भजन लावायची खोड आहे. मी लावत नाही. काटकसरीचे गोडवे गाणाऱ्यांच्या खिशात सहसा पैसे असतात. आणि पोरीचा यात काय दोष? आम्ही थोडक्यात खूश होत असू ते आम्ही गुणी होतो म्हणून नव्हे. बाबा रोज रात्री जमाखर्च मोठ्यानं लिहीत असत. फी, किराणा, आजोबांचं औषध. आणि खाली उरलेला आकडा. त्या आकड्यात उटी बसत नाही हे आम्हांला उटीच्या आधीच कळत असे. नातीच्या घरात पैसे मोजण्याचा आवाजच येत नाही. यंत्राला कार्ड टेकवलं की 'टिंग' वाजतं आणि दुबई येते. त्या 'टिंग'मधून लहान मुलानं काय शिकायचं?

आईनं तो फ्रिज अजून टाकलेला नाही. बंद पडून कित्येक वर्षं झाली, पण दार घट्ट लागतं, मुंग्या शिरत नाहीत, म्हणून ती त्यात साखर आणि शेवया ठेवते. मागच्या दिवाळीत तिनं नातीला सांगितलं, "जा गं, काश्मीरमधून साखर आण." पोरगी जागची हलेना. मग आईनं तिला सगळी गोष्ट सांगितली. पोरीला ती इतकी आवडली, की तिनं घरभर फिरून "मग ही घंटी कुठलं गाव? हे कपाट कुठलं गाव?" असा सपाटा लावला. स्वतःच्या घरी गेल्यावर तिनं बापाला विचारलं, "बाबा, आपलं वॉशिंग मशीन कुठलं गाव?"

"कुठलंच नाही, बेटा. आपण मशीनही घेतलं आणि गावालाही गेलो."

"आणि टीव्ही?"

"तेच."

तिचा चेहरा पडला. एवढं मोठं घर, त्यात एकसुद्धा गाव नाही!

त्यानंतर महिन्याभरानं मुलगा आईकडे आला आणि म्हणाला, "आजी, आपण सगळे काश्मीरला जाऊ या. विमानानं."

आईनं हातातलं निवडणं बाजूला ठेवलं. "मग घरात काय यायचं राहील?"

"काही नाही आजी. सगळंच होईल."

"सगळंच होणार असेल," आई म्हणाली, "तर मग तुम्ही ठरवलं काय?"

मुलगा अर्थतज्ज्ञ आहे, परदेशातून शिकून आलेला आहे. त्याला उत्तर आलं नाही. मलाही आलं नसतं.

गेली ती. ऐंशी उलटलेल्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा कारणाशिवाय प्रवास केला. लग्न नाही, मुंज नाही, समाचार नाही. बरोबर तांब्या घ्यायला विमान कंपनी देणार नाही असं कळल्यावर जरा नाराज होती तेवढीच. मी गुडघ्यांमुळे घरीच होतो. गुडघे मला बाबांकडून मिळाले. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. मागे पाण्याचा आवाज येत होता आणि नात कुणाला तरी "याच्यात उडी मारता येते का?" असं विचारत होती.

"ऐकतोयस ना रे?" आई म्हणाली. "हलतो. पण फार नाही."