गॅस संपत नसतो

ओझोनवर ‘सगळ्यांना समजेल असं’ लिहा, असा संपादकांचा आग्रह. म्हणून अंटार्क्टिका बाजूला ठेवून यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीच्या मे महिन्यापासून सुरुवात करतो. ऊन तापलं की एसी मेकॅनिकचा फोन थांबत नाही आणि तक्रार ठरलेली: गॅस संपला, भरून द्या. शीतकरण हा ज्याचा विषय आहे, त्याला हे ऐकून चीड येते. हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, बाहेरच्या कॉइलमध्ये तो द्रव होतो, आत येऊन उकळतो आणि खोलीतली उष्णता घेऊन परत फिरतो. बंद नळीतून वर्षानुवर्षं तोच फिरतो. कमी पडला म्हणजे कुठं तरी गळतोय. साबणाचा फेस लावून गळती शोधायला वेळ लागतो. वरून भरून देणं सोपं. उरलासुरला गॅस आधी व्हॉल्व्ह उघडून हवेत, आणि नव्यानं भरलेलाही त्याच वाटेनं.

जुन्या एसीत हा बहुधा आर-22 असतो. तो ओझोनमारक; अशा गॅसवर लगाम घालणारा मॉन्ट्रियल करार 16 सप्टेंबर 1987 चा. भारत त्यात 1992 मध्ये आला. करार का फळला, याबद्दल माझं मत ठाम आहे: ग्राहकाला शहाणं करायच्या फंदात न पडता त्यानं कारखान्याचा नळ आवळला. विकसनशील देशांना जादा मुदत दिली, कारखाने बदलायला बहुपक्षीय निधीतून पैसा दिला. भारतानं सीएफसी, म्हणजे आर-22 पेक्षाही ओझोनला जास्त मारक गॅस, दम्याच्या पंपांचा अपवाद सोडून, 2010 च्या मुदतीआधी 2008 मध्येच थांबवले. याचा अभिमान वाटतो. पण कराराचा हिशेब बघा: वापर म्हणजे उत्पादन अधिक आयात वजा निर्यात. यंत्रात भरलेला गॅस या बेरजेत पुन्हा येत नाही. तो गच्चीवर सोडला काय किंवा सिलिंडरमध्ये काढून घेतला काय, कागदावर सारखंच. (माझा हा जुना वाद आहे, लांबतो, माहीत आहे.) यावर उत्तर मिळतं की वातावरणाची मोजणी चोख आहे, काही लपत नाही. खरं आहे. सीएफसी-11 ची घट मंदावल्याचं 2018 मध्ये उघड झालं, पुढच्याच वर्षी बोट पूर्व चीनकडे गेलं आणि उत्सर्जन उतरलं. पण ती चोरी होती. यंत्रांतून गळणारा जुना साठा चोरी ठरत नाही, म्हणून त्याचा जाब विचारायला कुणी येत नाही.

दुसरा आक्षेप नेहमीचा: ओझोनचं भोक अंटार्क्टिकावर, आपल्याला काय? भोक घाटंजीवर नाही, हे मान्य. पण हे गॅस टिकाऊ असतात, जगभर मिसळतात, वर चढतात. तिथं अतिनील किरणांनी त्यांच्यातला क्लोरीन सुटतो आणि ध्रुवावरच्या गोठलेल्या ढगांत त्याचं काम सर्वांत जोरात चालतं. अर्थात, आर-22 ची ओझोन-मारकता सीएफसी-11 च्या विसाव्या हिश्शाच्या आसपासच आहे, हेही सांगायला हवं. मात्र तापमानवाढीच्या हिशेबात त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,800 किलोइतका भरतो, आणि दीड टनाच्या एसीत साधारण किलोभर असतोच. नव्या यंत्रांतला आर-32 ओझोनला निरुपद्रवी, तरी त्याचाही आकडा 675 च्या घरात. त्यामुळे यंत्र नवं घेतलं म्हणून गळतीला माफी नाही.

राहिला मेकॅनिक. त्याला दोष देणं मला पटत नाही. प्रशिक्षणं होतात, पण गॅस काढून घेणारं यंत्र गच्चीवर चढवून तासभर उन्हात थांबण्याचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. काढलेल्या गॅसला यवतमाळात ठरलेला भाव आणि घेणारा मिळाला, तर तो व्हॉल्व्ह उघडण्याआधी सिलिंडर जोडेल. कारखान्यांना निधी मिळाला तेव्हा त्या रांगेत त्याचं नाव फार खाली होतं.