नांग्या

ऑपरेशननंतर पाचव्या दिवशी आम्ही बाबांना श्रीवर्धनला घरी नेलं, तेही समुद्रातून. डॉक्टरांनी सांगितलं होतं, काही दिवस जबड्याला हादरे नकोत. आणि मुंबई-गोवा महामार्गावरून हादरे न खाता माणगावपर्यंत पोचलेला माणूस आमच्या ओळखीत नव्हता. म्हणून भाऊच्या धक्क्यावर गाडीसकट रो-रोत चढलो आणि तासाभराने मांडव्याला उतरलो. पुढे अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड करत आगरदांडा. तिथे दुसरी, छोटी फेरीबोट. राजपुरीची खाडी ओलांडून दिघी, मग बोर्ली पंचतन, मग घर. या सगळ्या प्रवासात बाबांनी नाकापर्यंत मफलर ओढून घेतला होता. थंडी अजिबात नव्हती.

बाबा एकसष्ट वर्षांचे. त्या आठवड्यात त्यांचे उरलेसुरले अकरा दात काढून जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे दहा स्क्रू बसवले होते. वर सहा, खाली चार. तिसऱ्या दिवशी त्यांच्यावर तात्पुरते दात बसवले. पक्के दात चार-सहा महिन्यांनी बसणार होते, सगळं नीट झालं तर.

खर्च पाच लाखांच्या पुढे गेला. आमच्या मेडिक्लेममध्ये हे बसत नव्हतं. थोडे माझ्या बचतीतले, थोडे बाबांच्या एफडीतले आणि बाकी सुपारीचे.

सुपारीबद्दल आधी सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमची पोफळीची वाडी आहे. श्रीवर्धनचा रोठा तुम्ही ऐकला असेल. मोठी सुपारी, कातरली की आतून पांढरी. पाडेली एका पोफळीवर चढतो आणि शेंडा झुलवून तसाच दुसरीवर जातो, खाली उतरतच नाही. घड उतरले की सुपारी अंगणात पसरायची, चाळीसेक दिवस उन्हात वाळवायची, मग सोलायची. माझी शाळा, कॉलेज, इंजिनिअरिंगच्या चार वर्षांची फी, सगळं या अंगणातून आलं.

बाबांचे दातही इथेच गेले. विसाव्या वर्षापासून त्यांच्या गालात सुपारी असायची. आधी नुसती, मग चुन्याबरोबर, मग तंबाखूसोबत. चाळीस वर्षांत दाढा झिजून सपाट झाल्या, काहींना उभ्या चिरा गेल्या, हिरड्यांनी जागा सोडली. मधुमेहाने उरलेलं काम केलं. 'आपला माल गुटख्यात जात नाही, आपला रोठा आहे,' असं ते अभिमानाने सांगायचे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखूशिवायची, नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली आहे. त्यात रोठ्याला सूट नाही.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी त्यांचं तोंड दिव्याखाली बराच वेळ तपासलं. गालाच्या आत बोट फिरवून पाहिलं, तोंड किती उघडतं ते मोजलं. मग म्हणाले, "बाकी काही नाही, नशीब समजा. पण तंबाखू आणि सुपारी आजपासून बंद. नाहीतर हाड हे धरणार नाही." बाबांनी मान डोलावली. बाहेर आल्यावर खिशातली चंची काढून माझ्या हातात दिली. ती अजून माझ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात आहे.

पहिले काही दिवस मी मोजून काढले. दर दोन तासांनी बर्फाचा शेक. झोपताना तीन उशा. जोरात चूळ भरायची नाही, स्ट्रॉने प्यायचं नाही, कारण ओढण्याने जखमेतली गुठळी निघू शकते. तिसऱ्या दिवशी सूज सगळ्यात जास्त होती. डोळ्यांखालपासून गळ्यापर्यंत चेहरा एकसारखा गोल. घरी पोचेपर्यंत जांभळं हिरवं झालं होतं, मग पिवळं झालं. आईने पहिल्याच दिवशी मोरीजवळचा आरसा काढून ठेवला. बाबांनी विचारलं नाही, पण दाढी करायचं सोडलं.

दुखणं गोळ्यांनी आटोक्यात होतं. बोलणं नव्हतं. जिभेला तोंडातली जागा नवी होती. 'स' म्हणताना शिट्टी वाजायची, 'फ' म्हणताना हवा निसटायची. आता 'सुपारी' आणि 'पोफळ' ही दोन अक्षरं टाळून आमच्या घरात काय बोलणार? पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी हसले. बाबा हसले नाहीत, आणि पुढचे दोन दिवस ते गड्यांशी हातवारे करून बोलले. ते वाडीच्या या टोकाला हसले की त्या टोकाला कळायचं. माणसाच्या तोंडात त्याचं अन्न असतं तसा त्याचा रुबाबही असतो, हे मला तेव्हा कळलं.

खाणं म्हणजे पेज. मग पातळ मऊ भात, वरण, ताक, उकडलेलं रताळं कुस्करून. दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी मऊ मासळीला हो म्हटलं आणि आईने ओल्या बोंबलांचं कालवण केलं. बोंबील हा मासा देवाने बिनदातांच्या माणसासाठी केला असावा. ताटात पडला की अर्धा विरघळतो. बाबांनी दोन बोंबील खाल्ले, तिसऱ्याला हात लावला आणि थांबले. "चावायचं काही नाही यात," म्हणाले. त्यांना चिंबोरीचे आंगडे फोडायचे होते. ते किमान चार महिने बंद.

चार महिने का, हे मी रात्री फोनवर वाचत बसायचे. पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचा स्वीडिश संशोधक 1952 मध्ये सशाच्या हाडातलं रक्ताभिसरण बघत होता. त्यासाठी त्याने टायटॅनियमची छोटी उपकरणं हाडात बसवली होती. प्रयोग संपल्यावर ती काढायला गेला, तर निघेनात. हाड धातूला धरून वाढलं होतं. पुढे 1965 मध्ये योस्टा लार्सन या माणसाच्या जबड्यात त्याने असे स्क्रू बसवले. लार्सन 2006 मध्ये गेले, तोवर चाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी ते वापरले.

पण मला घाबरवलं ते पुढच्या माहितीने. स्क्रू बसवतो तेव्हा तो जुन्या हाडात घट्ट असतो. भिंतीत खिळा बसतो तसा. नंतर शरीर त्याच्या भोवतीचं दुखावलेलं हाड हळूहळू खाऊन टाकतं आणि नवं घडवायला घेतं. जुनं सुटलेलं, नवं अजून पक्कं नाही, अशी मधली वेळ साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते. तेव्हा पकड सगळ्यात कमी असते. आणि नेमकी तेव्हाच सूज उतरलेली असते, दुखणं थांबलेलं असतं, माणसाला वाटतं आपण बरे झालो.

मी हे बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे रोप लावल्यासारखंच की. लावल्या दिवशी हिरवंगार दिसतं. ती जुन्या मातीची ताकद. खरं काय ते नंतर कळतं."

त्यांना हे कुणी शिकवायला नको होतं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा मी मुंबईत लॉकडाऊनमध्ये होते. कितीतरी दिवस वीज नव्हती, फोन लागत नव्हता. लागला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, "वाडीतून समुद्र दिसतोय." आमच्या वाडीतून समुद्र कधीच दिसत नसे, मध्ये पोफळी होत्या. निम्म्याहून जास्त गेल्या. पुढच्या पावसाळ्यात बाबांनी केळीच्या सावलीत नवी रोपं लावली. पोफळ धरायला पाच ते सात वर्षं लागतात. छप्पन्न-सत्तावन्नाव्या वर्षी माणूस ते लावत होता, आणि तेव्हा त्याचे दात हलत होते. दातांचं त्याने कुणाला सांगितलं नाही. आधी वाडी, मग आपण.

चौथा आठवडा. मी ओटीच्या आतल्या खोलीत लॅपटॉप घेऊन मीटिंगमध्ये होते. बाहेरून आवाज आला. कट्. थोड्या वेळाने पुन्हा, कट्. अडकित्त्याचा आवाज आमच्या घरातलं मूलही झोपेत ओळखेल. मी कॉल म्यूटही न करता बाहेर धावले.

बाबा पाटावर बसून सुपारी कातरत होते. समोर शेजारचे दोन काका. तबक पुढे.

"बाबा, काय करताय तुम्ही?"

"मी खात नाहीये गं. यांना देतोय."

"म्हणजे यांचे दात पडले तर चालतील?"

असं मी ओरडले. काकांच्या समोर. एक काका हातातली खांडं परत तबकात ठेवावीत की तोंडात टाकावीत या विचारात तसेच बसले. आमच्याकडे आल्या माणसाला पाणी आणि सुपारी देतात. न देणं म्हणजे 'उठा' म्हणण्यासारखं. ते न सांगताच उठले.

बाबा बराच वेळ अडकित्ता पुसत होते. मग म्हणाले, "तुझी फी यातूनच भरली."

"माहीत आहे."

"मग? पोफळी तोडू?"

मला उत्तर देता आलं नाही. मी त्यांच्या जबड्यासाठी ओरडले होते हे खरं, पण तेवढंच खरं नव्हतं. ज्या मालाने त्यांचे दात गेले त्याच मालाने नवे आले. मधल्या व्यवहारात मी इंजिनिअर झाले होते, आणि तो माल रोज कुणाच्या ना कुणाच्या गालात जात होता. हे मला त्या ओटीवर पहिल्यांदा नीट दिसलं. त्या रात्री आम्ही दोघंही पेज प्यायलो, न बोलता.

चार महिन्यांनी, मार्चमध्ये, पुन्हा मुंबईला गेलो. डॉक्टरांनी तात्पुरते दात काढून एकेक स्क्रू तपासला. नऊ घट्ट होते. वरचा, डावीकडचा, मागून दुसरा हलला. बाबा कळवळले. एक्स-रेत त्याच्या भोवती बारीक काळी रेघ होती. हाडाने त्याला धरलंच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, असं होतं. साखर, हाडाचा पोत, चावताना पडलेला जोर, कधी नुसतंच नशीब. एक कारण दाखवता येत नाही. तो काढावा लागेल, जखम भरली की तिथे नवा. पक्के दात तेवढे लांबतील.

मी बाबांकडे पाहिलं. मला वाटलं, हा माणूस आता खचेल. बाबांनी तोंडातला कापूस काढला आणि विचारलं, "म्हणजे नांग्या भरता येतील ना?"

डॉक्टरांना कळेना. मी सांगितलं, लावलेल्या रोपांतलं एखादं मेलं की त्या रिकाम्या जागी दुसरं लावतात, त्याला नांग्या भरणं म्हणतात. डॉक्टर हसले. "येतील. नक्की येतील."

"मग काही बिघडलं नाही," बाबा म्हणाले. "शंभर लावली की पाच-सात जातातच."

परतीच्या बोटीत ते वरच्या डेकवर माझ्या शेजारी बसले होते. मफलर नव्हता. मांडवा दिसायला लागल्यावर समोर बघतच म्हणाले, "त्या दिवशी नव्हती खाल्ली. नंतर खाल्ली. दोनदा. चावली नाही, नुसती गालात धरली. डाव्या."

मला राग यायला हवा होता. आला नाही. चाळीस वर्षांची सवय त्यांनी माझ्या बॅगेच्या कप्प्यात ठेवली होती, पण ती राहत होती त्यांच्या गालात. तिथे तिची जागा रिकामी होती आणि ती भरायला आम्ही काहीच दिलं नव्हतं. "डॉक्टरांना सांगायला हवं होतं," एवढंच मी म्हटलं. घरी पोचल्यावर त्यांनी स्वतः फोन लावून सांगितलं.

त्याला आता बरेच महिने झाले. नांगी भरली, पक्के दात बसले. बाबांचा 'स' जाग्यावर आला. त्यांनी पहिला आंगडा फोडला तेव्हा आईने व्हिडिओ कॉल केला, मला फक्त कटकट ऐकू आली आणि चित्र छताचं दिसलं. ओटीवरच्या तबकात आता बडीशेप असते. सुपारी मागितली तर मिळते, पण बाबा कातरून देत नाहीत. ज्याला हवी त्याने अडकित्ता उचलावा. वाडी आहे तशी आहे. मध्ये काळी मिरी वाढवली आहे, जायफळाची रोपं लावली आहेत. पोफळीचं काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

एक गोष्ट मात्र परत आली नाही. खरा दात हाडात थेट रुतलेला नसतो. मध्ये तंतूंचं पातळ अस्तर असतं, त्यामुळे त्याला वाळूचा कणसुद्धा कळतो. स्क्रूला ते अस्तर नसतं. पूर्वी तिसऱ्यांच्या कालवणात एक कण राहिला तरी बाबा पहिल्या घासाला थांबून आईकडे बघायचे. आता त्यांना बहुतेक वेळा कळत नाही.

आई पूर्वी तिसऱ्या तीन पाण्यांतून काढायची. आता पाच पाण्यांतून काढते. बाबांना तिने हे सांगितलेलं नाही.