सोलच्या वेशीवरील हिरवे नगर : ग्वाचॉन

‘सोल भयंकर आहे असे ऐकले, म्हणून ग्वाचॉनपासूनच रांगू लागला,’ अशी कोरियात एक म्हण आहे. संकट येण्याआधीच गर्भगळीत होणाऱ्याला ती लावतात. म्हणीतील भूगोल मात्र अचूक आहे. दक्षिणेकडून राजधानीस निघालेल्या व्यापाऱ्याला वा परीक्षार्थ्याला नामथेर्यंग खिंड चढावी लागे आणि खिंडीच्या अलीकडचे गाव म्हणजे ग्वाचॉन.

आज त्या खिंडीखालून मेट्रोची चौथी मार्गिका जाते. सोलच्या भुयारी गाड्या उजव्या बाजूने धावतात, राष्ट्रीय रेल्वेच्या डाव्या बाजूने. म्हणून येथे जमिनीखाली दोन्ही रूळ एकमेकांना ओलांडून बाजू बदलतात. प्रवाशाला त्याचा पत्ताही लागत नाही. थोड्याच वेळात गाडी 36 चौरस किलोमीटरच्या या चिमुकल्या नगरात शिरते. पश्चिमेस 632 मीटर उंचीचा ग्वानाक, पूर्वेस 618 मीटरचा चाँग्ये, आणि मधल्या खोऱ्यात वस्ती.

ही हिरवाई केवळ निसर्गाची देणगी नव्हे. सोलची वाढ आवरण्यासाठी 1971 पासून राजधानीभोवती हरित पट्टा आखण्यात आला आणि ग्वाचॉनची फार मोठी जमीन त्यात गेली. पुढे राजधानीतील गर्दी कमी करण्यासाठी येथे सरकारी संकुल उभारले गेले. 1982 पासून मंत्रालये येऊ लागली, अधिकाऱ्यांसाठी पाच मजली सदनिकांच्या वसाहती उठल्या आणि 1986 साली गावाला नगराचा दर्जा मिळाला. सोलमधील जुन्या राजवाड्याच्या आवारातील प्राणिसंग्रहालय 1984 साली येथे हलले. दोन वर्षांनी राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयही आले. त्यातील नाम जून पाइक यांचा 1003 दूरचित्रवाणी संचांचा मनोरा 2018 साली सुरक्षेसाठी बंद करावा लागला होता. जुने संच दुरुस्त करून तो 2022 मध्ये पुन्हा उजळला.

ज्याच्या आधारावर पेढी उभी, तोच ग्राहक गाव सोडून निघाला तर काय होते, हे व्यापारी घराण्यांना वेगळे सांगावे लागत नाही. 2012 च्या अखेरीपासून मंत्रालये सेजोंग या नव्या प्रशासकीय नगराकडे जाऊ लागली. न्याय मंत्रालय राहिले. अर्थ, भूमी, कृषी, पर्यावरण ही खाती गेली. दुपारच्या जेवणाला येणाऱ्या कर्मचाऱ्यांवर चालणाऱ्या खाणावळी ओस पडल्या. रिकाम्या इमारतींत पुढे दुसरी कार्यालये आली, तरी पहिली वर्दळ एका दिवसात परत येत नसते.

घरांची मागणी मात्र संपली नाही. सोल हाकेच्या अंतरावर आणि हवा डोंगराची, मग गिऱ्हाईक कमी कसे होणार? जुन्या पाच मजली वसाहती पाडून तेथे उंच मनोरे उभे राहिले. ऑगस्ट 2020 मध्ये सरकारने संकुलासमोरील मोकळ्या जागेवर सुमारे 4000 घरे बांधण्याचे जाहीर केले, तेव्हा नागरिक रस्त्यावर उतरले. नगराध्यक्षांचाही त्या योजनेला विरोधच होता. तरी त्यांनी सुचविलेले पर्याय अनेकांना मान्य झाले नाहीत आणि त्यांना परत बोलावण्यासाठी 30 जून 2021 रोजी मतदान घेण्यात आले. एक-तृतीयांश मतदारही न आल्याने ते पद वाचले. त्याच महिन्यात सरकारने त्या जागेचा हट्ट सोडला व शहरात इतरत्र जादा घरे बांधण्याचे ठरविले. नागरिकांच्या भूमिकेत स्वार्थ मुळीच नव्हता असे म्हणवत नाही. स्वतःला घर मिळाल्यावर दार लावून घेणारे सर्वत्र असतात. पण मोकळी जमीन एकदा गेली की परत येत नाही, हेही तितकेच खरे.

विख्यात सुलेखनकार किम जॉन्ग-ही यांनी हद्दपारीनंतरची अखेरची वर्षे, 1852 ते 1856, याच गावात काढली. त्यांच्या नावाचे संग्रहालय येथे आहे. पाहुण्यांची खरी रीघ मात्र ग्वानाकच्या वाटेवर असते. जुन्या कन्फ्यूशियन पाठशाळेजवळून वर चढत गेले की शिखराखाली यॉन्जुआम हा बौद्ध मठ लागतो. गिर्यारोहकांना दुपारचे साधे जेवण देण्यासाठी तो ओळखला जातो : भात, त्यावर रानभाज्या, तिखट चटणी. कोरियन मठांच्या परंपरागत स्वयंपाकात मांस-मासे तर नसतातच. कांदा-लसणाच्या कुळातील उग्र भाज्याही वर्ज्य असतात. परदेशात ताटातले काय चालेल याची विचारपूस करीत फिरणाऱ्या जैन प्रवाशाला हा मोठा दिलासा आहे. जेवण झाले की भांडी ज्याची त्याने विसळायची, आणि मग उतार धरून पुन्हा चौथ्या मार्गिकेकडे.